सहावी श्रेणी कशासाठी? वादळाची पट्टी आणि झरीचा पाऊस

दर पावसाळ्यात एक बातमी फिरत असते: ‘वादळांसाठी आता सहावी श्रेणी येणार!’ आमच्या झरीच्या ग्रुपवरही ती येते आणि खाली कुणीतरी विचारतंच, आपल्याकडं पण येणार का ते? परभणीहून जिंतूरकडं जाताना लागणारं आमचं गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. पण प्रश्न चुकीचा नाहीये. म्हणून त्या बातमीमागचा पेपर काय म्हणतो आणि मला त्यात काय खटकतं, ते आज सांगतो.

पेपर मायकेल वेहनर आणि जेम्स कॉसिन या दोघांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. अटलांटिकमधली वादळं जिच्यावर मोजतात ती सफिर-सिम्पसन पट्टी तुम्ही ऐकली असेल. हर्बर्ट सफिर इंजिनिअर, रॉबर्ट सिम्पसन हवामानतज्ज्ञ. दोघांनी ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. तिच्यात पाच श्रेण्या. पाचवी सुरू होते ताशी २५२ किलोमीटरला, आणि तिथून वर झाकणच नाही. २५५ चं वादळही पाचवं, ३४५ चंही पाचवंच. लेखकांचं म्हणणं असं, की समुद्र तापतोय, वरच्या टोकाची वादळं आणखी जोरदार होतायत, तेव्हा ताशी ३०९ किलोमीटरच्या पुढं सहावी श्रेणी मानून बघू. त्या हिशोबात २०१३ पासूनची पाच वादळं बसतात: हैयान, पॅट्रिशिया, मेरांती, गोनी आणि सुरिगे.

यातला भौतिकशास्त्राचा भाग मला मान्य आहे. वाऱ्याचा भिंतीवर पडणारा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. २५२ चा वारा ३०९ झाला तर आकडा जेमतेम पावपट वाढतो, दाब मात्र दीडपट होतो. एवढा फरक एकाच खणात कोंबणं बरोबर नाही, हे खरंच.

पण मोजणार कसं? त्या पाचांपैकी फक्त पॅट्रिशियात विमान घालून वारा मोजला होता. बाकीच्यांचे आकडे मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेले. ढगांची गुंडाळी किती घट्ट, डोळा किती स्वच्छ, भोवतीचे ढग किती थंड, हे बघून तज्ज्ञ अंदाज बांधतात. व्हर्नन द्वोराक यांची ही पद्धत आहे आणि आपला हवामान विभागही तीच वापरतो. पद्धत चांगलीच आहे. विमान नसताना दुसरं काय करणार? पण तिचे वेग पाच-पाच नॉटच्या, म्हणजे साधारण नऊ-नऊ किलोमीटरच्या पायऱ्यांनी नोंदवले जातात. खरी चूक त्याहून मोठी असू शकते. अशा मापावर ३०९ ची रेघ मारायची म्हणजे धान्याच्या वजनकाट्यावर सोनं तोलण्यासारखं झालं.

हा आक्षेप किरकोळ समजा. मला जास्त खटकतं ते दुसरंच. सगळा वाद पट्टीच्या वरच्या टोकाचा आहे, आणि आपलं नुकसान होतं ते खालच्या टोकाला.

आपली भारतीय पट्टी वेगळी आहे. ताशी ६२ किलोमीटरला ‘चक्रीवादळ’ म्हणतात, तिथंच नाव मिळतं. २२२ च्या पुढं ‘सुपर’. (आपण वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी धरतो, अमेरिका एका मिनिटाची. त्यामुळं त्यांचा आकडा उचलून आपल्या पट्टीवर ठेवू नका. टीव्हीवाले हमखास ठेवतात.) आता २०२१ चं ‘गुलाब’ घ्या. २६ सप्टेंबरला ते आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं, वारा ताशी ७५ ते ८५. म्हणजे चक्रीवादळांमधली सगळ्यात खालची पायरी. जमिनीवर आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचं डिप्रेशन झालं. पट्टीच्या हिशोबात वादळ संपलं. आणि २७-२८ तारखेला त्याच्याच उरलेल्या भोवऱ्यानं मराठवाडा बुडवला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. सोयाबीन काढणीला आलं होतं. उभ्या शेंगांना कोंब फुटले, कापून ठेवलेलं पाण्यात गेलं. तो भोवरा पुढं अरबी समुद्रात उतरला, पुन्हा वादळ झाला, ‘शाहीन’ हे नवं नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानला धडकला. ‘संपलेलं’ वादळ, बघा.

१ सप्टेंबर २०२४ ला तर एवढंही झालं नाही. त्याच कलिंगपट्टणमजवळून एक डिप्रेशन आत आलं. ६२ गाठलं नव्हतं, म्हणून त्याला नावच नाही. त्यानं विजयवाड्यात पूर आणला, पुढं परभणी, हिंगोली, नांदेडला झोडपलं. आज गावात विचारा, लोक ‘त्या पोळ्याच्या वेळचा पाऊस’ म्हणतात. नाव नसलेल्या वादळाची आठवण दुसरी कशी ठेवणार?

असं का होतं? पाऊस किती पडणार हे सर्वाधिक वाऱ्यावर ठरत नाही. हवेत बाष्प किती आणि भोवरा एका जागी किती वेळ रेंगाळतो, यावर ठरतं. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. सप्टेंबरात आपली काळी माती आधीच भिजलेली असते आणि भोवऱ्याला खालूनही ओल मिळते. अमेरिकेत २०१७ चं हार्वी चौथ्या श्रेणीत टेक्सासला आलं, पण १,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला तो श्रेणी उतरल्यावर, ते तिथंच घुटमळत राहिलं तेव्हा. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अटलांटिक वादळांनी जेवढे लोक मेले, त्यातले सुमारे ९० टक्के पाण्यानं मेले. वाऱ्यानं फार थोडे.

वेहनर आणि कॉसिन यांना हे ठाऊक आहे, अन्याय नको. सहाव्या श्रेणीनं पाण्याचा धोका कळणार नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केलंय. धोक्याची जाणीव वाढावी एवढाच त्यांचा हेतू. पण जाणीव वाढवायची तर मला भीती उलट परिणामाची वाटते. वर सहावी आली की दुसरी-तिसरी आणखी किरकोळ वाटायला लागेल, आणि ‘डिप्रेशन’ तर कुणी वाचणारच नाही.

मग पावसाचीच पट्टी करावी का? ती आपल्याकडं आहे, आणि तिचाही घोळ तसाच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. पंचनामे, मदत, सगळं त्या आकड्याभोवती फिरतं. झरी मंडळातल्या सगळ्या गावांचं नशीब एका वीतभर तोंडाच्या भांड्यात पडलेल्या पाण्यावर. हवामान विभागाच्या पट्टीत शेवटचा खण २०४.५ मिलिमीटरला सुरू होतो आणि त्यालाही वर झाकण नाही. शिवाय पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. समजा, पहाटे पाचपासून दुपारी बारापर्यंत १०० मिलिमीटर पडला आणि साडेआठच्या आधी ५०, नंतर ५० असा वाटला गेला. दुसरा पाऊस नसेल तर नोंदवहीत दोन्ही दिवस ६५ च्या खाली. रान तर पाण्याखाली.

राज्यानं २०२३ मध्ये सततच्या पावसालाही आपत्ती धरलं, तेवढी फट बुजली. हा साडेआठचा घोळ मात्र मंडळातल्या स्वयंचलित केंद्रांमुळं सहज सुटू शकतो. ती केंद्रं दर दहा मिनिटांचा आकडा देतात. घड्याळाचा दिवस न धरता कोणतेही सलग २४ तास धरून बेरीज करायची, एवढंच. माझ्या प्रबंधात मी तेच करतोय: समुद्रात उठून जमिनीवर ‘संपलेली’ वादळं आणि मराठवाड्यातल्या मंडळांचा सरकत्या २४ तासांचा पाऊस. पुढच्या पोस्टमध्ये तो हिशोब कसा लावायचा ते दाखवतो. तोवर तुमच्या मंडळाचं केंद्र कुठं बसवलंय, झाडाखाली की उघड्यावर, तेवढं जाता-येता बघून ठेवा.