‘निराश्रित’ आणि ‘नागरिक’ : एका शीर्षकाचे वाचन

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अस्पृश्य पत्रकर्त्यांना मराठी वाङ्मयेतिहासात एक ठरावीक जागा मिळालेली आहे : ‘दलित साहित्याची पूर्वपीठिका’ या प्रकरणातील एखादा परिच्छेद. त्यात नियतकालिकांची नावे आणि सन येतात; त्या नावांचे वाचन मात्र होत नाही. वस्तुतः नाव हीही एक संहिताच असते. किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० साली काढलेल्या ‘निराश्रित हिंद नागरिक’ या पत्राच्या केवळ शीर्षकापुरते प्रस्तुत विवेचन मर्यादित आहे.

बनसोडे (१८७९–१९४६) मूळचे मोहपा येथील. नरखेडहून नागपूरकडे येताना काटोल मागे टाकले की कळमेश्वर तालुका लागतो. मोहपा आज त्या तालुक्यात आहे. नरखेड तालुक्यातील काही विद्यार्थ्यांपुढे हे शीर्षक ठेवले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो ‘नागरिक’ या शब्दाविषयी : खेड्यातला माणूस नागरिक कसा? प्रश्न भाबडा नाही. ‘नगर’पासून सिद्ध झालेल्या या शब्दाला नगरवासी आणि सुसंस्कृत अशा दोन जुन्या अर्थच्छटा आहेत. ज्या समाजाला गावकुसाच्या आतही जागा नव्हती, त्या समाजातील एक लेखक थेट नगरावर हक्क सांगतो आहे. शिवाय १९१० साली ब्रिटिश हिंदुस्थानात आजच्या संवैधानिक अर्थाने कोणीच नागरिक नव्हता. सवर्ण आणि अस्पृश्य दोघेही सम्राटाची प्रजाच होते. म्हणजे हे शीर्षक मिळालेल्या दर्जाचे वर्णन करीत नाही. न मिळालेला दर्जा ते समाजाच्या सर्वांत खालच्या पायरीवरून उच्चारते.

‘निराश्रित’ हा शब्द मात्र बनसोडे यांनी घडविलेला नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत स्थापन केलेले डिप्रेस्ड क्लासेस मिशन मराठीत ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ या नावाने ओळखले जाई. त्या नावात निराश्रितांच्या शेजारी साह्य करणारे उभे आहेत. शिंदे यांच्या कार्याचे मोल याने उणावत नाही. परंतु त्या शब्दरचनेतील संबंध देणारा आणि घेणारा यांचा आहे, हे नाकारता येत नाही. बनसोडे यांच्या शीर्षकात विशेषण तेच राहते, पण साह्यकर्ता नाहीसा होतो आणि त्याच्या जागी ‘नागरिक’ हे विशेष्य येते. आश्रय नसलेला मनुष्य करुणेचा विषय होतो. आश्रय नसलेला नागरिक ही राज्यसंस्थेविरुद्धची फिर्याद होते.

या फिर्यादीचा आशय राज्यघटनेच्या भाषेत मांडता येतो. अनुच्छेद १४ राज्याला दोन गोष्टी नाकारू देत नाही : कायद्यापुढील समानता आणि कायद्याचे समान संरक्षण. पहिली संकल्पना इंग्रजी विधिपरंपरेतून आली. दुसरीचे मूळ अमेरिकेच्या १८६८ मधील चौदाव्या घटनादुरुस्तीत आहे. पहिलीचा रोख विशेषाधिकार नाकारण्यावर आहे. दुसरी राज्याने सर्वांच्या पाठीशी सारखे उभे राहावे अशी अपेक्षा करते. ‘निराश्रित’ हे विशेषण नेमका या दुसऱ्या हमीचा अभाव नोंदविते.

कायद्यांची नावेही या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘हरिजन’ आणि ‘सामाजिक’ निर्योग्यता असे शब्द आहेत. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या कायद्याच्या नावात, ज्या प्रांतात नरखेडचा परिसर होता, ‘अनुसूचित जाती’ आणि ‘नागरी’ निर्योग्यता असे आहेत. १९५५ च्या केंद्रीय अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाला १९७६ साली ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केल्यामुळे व्यक्तीला जो हक्क प्राप्त होतो तो ‘नागरी हक्क’, अशी त्याची व्याख्या आहे. या नामांतरामागे बनसोडे यांचे पत्र होते, असा दावा येथे नाही. परंतु ‘नागरिक’ आणि ‘आश्रय’ या ज्या दोन कल्पना १९१० च्या शीर्षकात परस्परांना छेद देत उभ्या होत्या, त्यांना एकत्र बांधणारे नाव कायद्याला सहासष्ट वर्षांनी सापडले, एवढे निश्चित म्हणता येते.

मग समीक्षेने अशा लेखनाला पूर्वपीठिकेतच का ठेवावे? समान संरक्षणाच्या विचारात वर्गीकरण निषिद्ध नाही. अन्वर अली सरकार खटल्यात (१९५२) सर्वोच्च न्यायालयाने वर्गीकरणाच्या दोन कसोट्या सांगितल्या : भेदाचा आधार सुस्पष्ट असावा आणि त्या आधाराचे उद्दिष्टाशी सयुक्तिक नाते असावे. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) वेगळ्या निकषांची मागणी करते, तेव्हा तेथे वेगळेपणाला उद्दिष्ट आहे. त्याची चिकित्सा करता येते. ‘पूर्वपीठिका’ हे वर्गीकरण मात्र दुसऱ्या कसोटीवर टिकत नाही. चळवळीचा कालानुक्रम सांगण्यास ते पुरेसे आहे. शब्दाचा अर्थ उलगडणे हे जिचे उद्दिष्ट, त्या समीक्षेस ते निरुपयोगी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. आंबेडकरांच्या १९३५ मधील धर्मांतराच्या घोषणेला बनसोडे यांनी साथ दिली नाही; मग त्यांना संवैधानिक विचाराच्या परंपरेत बसविणे ही ओढाताण नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि तोच पूर्वपीठिकेच्या चौकटीची मर्यादाही दाखवितो. जो पुढच्या मुक्कामापर्यंत पोचला नाही त्याला ही चौकट अपुरा ठरविते, आणि त्याने वाटेत काय उच्चारले ते ऐकत नाही. बनसोडे यांच्या नंतरच्या भूमिकेची चिकित्सा अवश्य व्हावी. पण तीही त्यांच्या शब्दांचे वाचन केल्यानंतर.

कोणत्याही व्यक्तीस समान संरक्षण नाकारू नये, हे बंधन राज्यावर आहे, समीक्षेवर नाही. तरीही काहींच्या शब्दांना अर्थ असतो आणि काहींच्या शब्दांना केवळ सन असतो, असे मानणारी समीक्षा त्या शब्दांना पुन्हा निराश्रितच करते.