सातासमुद्रापलीकडील दान

आपल्याकडे दानाची थोरवी केवळ रकमेवरून ठरवीत नाहीत. देश, काळ आणि पात्र पाहून ते दिले गेले की नाही, यावरून ठरवितात. गावातला सावकार गावात विहीर खोदवितो तेव्हा ह्या तिन्ही गोष्टी त्याच्या डोळ्यांपुढे असतात. पाणी गोड लागले की मचूळ, हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळते. आणि मचूळ लागले तर लोक त्याला तोंडावर तसे सांगतातही. परंतु दाता न्यूयॉर्क शहरी आणि विहीर पेकिंगला असली म्हणजे काय करावे? पाणी मचूळ असल्याचे त्याला कोणी सांगावे? हा प्रश्न मनात ठेवून रेमंड फॉस्डिक यांचे ‘दि स्टोरी ऑफ दि रॉकफेलर फाउंडेशन’ हे इंग्रजी पुस्तक आम्ही पुन्हा वाचले. ते 1952 साली प्रसिद्ध झाले. सत्तराहून अधिक वर्षे लोटली, तरी परदेशी दानाचा कारभार कसा चालतो हे समजून घेण्यास इतके सुबोध पुस्तक आमच्या पाहण्यात क्वचितच आले असेल. त्यातील उणीवही तितकीच बोधप्रद आहे.

ग्रंथकर्ते तिऱ्हाईत नव्हेत. पेशाने वकील असलेले फॉस्डिक राष्ट्रसंघाच्या आरंभकाळी त्याच्या सचिवालयात मोठ्या हुद्द्यावर होते. 1921 पासून ते ह्या संस्थेचे विश्वस्त आणि 1936 ते 1948 पर्यंत तिचे अध्यक्ष होते. म्हणजे हा घरच्याच माणसाने लिहिलेला घराचा इतिहास होय. अशा लेखनात आत्मस्तुतीचा दर्प यावयाचाच, असे वाचक धरून चालतो; पण फॉस्डिक यांची भाषा संयमी आहे, आणि पैसा देणे हे मिळविण्याहून सोपे नाही ही जाणीव तीत सर्वत्र आहे.

संस्थेला न्यूयॉर्क राज्याची सनद मिळाली ती 1913 साली. तत्पूर्वी अमेरिकेच्या काँग्रेसकडून सनद मिळविण्याचा यत्न झाला होता. पण तेलाच्या व्यापारातून जमलेल्या ह्या अफाट संपत्तीविषयी लोकांच्या मनात इतका संशय होता, की तो यत्न फसला. थोरल्या रॉकफेलरांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स हे मूळचे धर्मोपदेशक. (आजच्या गेट्स घराण्याशी त्यांचा संबंध नाही.) याचकागणिक किरकोळ दान देत बसण्यापेक्षा दुःखाच्या मुळावरच घाव घालणारे घाऊक दान करावे, असा त्यांचा आग्रह होता. रोग हे दुःखाचे मोठे मूळ, म्हणून संस्थेने आरोग्याचे काम प्रथम हाती घेतले.

ह्या कामाचे सूत्रधार विक्लिफ रोझ हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पुस्तकातील सर्वांत वाचनीय भाग त्यांच्याविषयीचा आहे. अंकुशकृमीच्या रोगाविरुद्ध अमेरिकेच्या दक्षिण भागात 1909 साली दहा लाख डॉलरांच्या देणगीने जी मोहीम सुरू झाली, तीच पुढे 1914 पासून ब्रिटिश गियाना आदी परमुलखांत नेण्यात आली. रोझ यांचे नियम थोडके होते. सरकारने बोलाविल्यावाचून जावयाचे नाही. काम सरकारच्याच आरोग्यखात्यामार्फत करावयाचे. आरंभी खर्चाचा मोठा वाटा संस्थेने उचलावयाचा, पण दरसाल तो कमी करीत जावयाचे आणि सरकारचा वाटा वाढवीत जावयाचे. शेवटी संस्थेने अंग काढून घ्यावयाचे. कृमी हे रोझ यांच्या दृष्टीने निमित्त होते. सूक्ष्मदर्शकातून अंडी दाखविता येतात, औषध दिले की रोगी सुधारलेला दिसतो, आणि मग लोक शौचकूप व स्वच्छतेच्या गोष्टी ऐकू लागतात, असा हा हिशोब होता. निघण्याची वेळ येण्याच्या दिवशीच ठरविणारा दाता विरळा. ह्या नियमांबद्दल रोझ यांची जितकी प्रशंसा करावी तितकी थोडीच.

परंतु येथेच आमची पहिली शंका आहे. सरकारने बोलाविले म्हणजे लोकांनी बोलाविले, असे स्वतंत्र देशात एक वेळ म्हणता येईल. वसाहतींत ते कसे म्हणावे? सिलोनात ही मोहीम गेली ती इंग्रज सरकार आणि चहाचे मळेवाले यांच्या संमतीने. मळ्यांवर राबणारे मजूर बहुतेक दक्षिण हिंदुस्थानातून आलेले तमिळ. त्यांना औषध पाजले गेले. पण औषध घेऊन मजूर पुन्हा त्याच अस्वच्छ वस्तीत अनवाणी वावरू लागला की कृमी पुन्हा शरीरात शिरत. रोग जावयाचा तर शौचकूप हवेत, आणि त्यांचा खर्च मळेवाल्यांना जड वाटे. पुढे 1926 साली कलुतर येथे आरोग्यकेंद्र निघाले आणि माता, बालके, शाळा व गावची स्वच्छता यांचा एकत्र विचार सुरू झाला, तेव्हा कुठे काम मार्गी लागले. जो शहाणपणा शेवटी आला तो त्या मजुरांना आरंभीच विचारले असते तर लवकर आला नसता काय?

दुसरे उदाहरण पेकिंगचे. संस्थेने 1915 साली तेथील मिशनऱ्यांचे वैद्यकीय विद्यालय घेतले आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचा आदर्श समोर ठेवून ते नव्याने उभारले. एका राजपुत्राच्या जुन्या वाड्याच्या जागी हिरव्या कौलांच्या इमारती उठल्या. 1921 साली समारंभपूर्वक उद्घाटन झाले. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, पैशाची किल्ली न्यूयॉर्कला. संस्थेने ह्या एका कामावर एकंदर साडेचार कोटी डॉलरांच्या आसपास खर्च केला. आणि 1924 साली पहिली तुकडी बाहेर पडल्यापासून युद्धाने दारे बंद होईपर्यंत तेथून डॉक्टर निघाले तीनशेहून थोडे अधिक. चाळीस कोटींवर वस्तीच्या देशाला हे औषध म्हणजे समुद्रात साखरेची चिमूट! पुढे 1951 च्या आरंभी चीनच्या नव्या सरकारने विद्यालय ताब्यात घेतले. फॉस्डिक यांनी ह्या विद्यालयाची हकीकत अभिमानाने आणि व्यथित मनाने सांगितली आहे. आणि वाचकाचे मन त्यांच्याबरोबर हळहळते.

पण एवढ्यावरून ते दान वाया गेले, असा निकाल देण्यास आम्ही तयार नाही. त्याच विद्यालयात जॉन ग्रँट नावाचे सार्वजनिक आरोग्याचे अध्यापक होते. त्यांचा जन्म चीनमधलाच. रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचे शहर हीच आपली प्रयोगशाळा, असे मानून ते विद्यार्थ्यांना वस्त्यांतून हिंडवीत. त्यांचे शिष्य चेन चिह-चिएन यांनी 1932 पासून तिंग-श्येन ह्या ग्रामीण जिल्ह्यात एक नवाच प्रयोग केला. गावातलाच शेतकरी निवडावयाचा, त्याला थोडक्या दिवसांत देवी टोचणे, जखम बांधणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे इतकेच शिकवावयाचे, आणि मोजक्या औषधांची पेटी देऊन त्याला गावातच ठेवावयाचे. खर्च नाममात्र. संस्थेचे अधिकारी सेल्स्कर गन यांनी हे काम पाहिले, पेकिंगच्या भव्यतेविषयी शंका नोंदविली, आणि 1935 पासून संस्थेने खेड्यांसाठी निराळी योजना आरंभिली. जपानच्या स्वारीने 1937 साली तिंग-श्येनचा प्रयोग मोडला. पण ती कल्पना मेली नाही. पुढे चीनमध्ये जे ‘अनवाणी डॉक्टर’ गाजले, त्यांची पूर्वपीठिका ह्या प्रयोगात सापडते.

तेव्हा शिखरे उंच करावी की सपाटी भिजवावी, हा वाद वाटतो तितका सरळ नाही. शिखरावर शिकलेलाच एक माणूस सपाटीवर उतरला. मात्र तो उतरला तो न्यूयॉर्कच्या आराखड्यामुळे नव्हे. आपल्या देशाचे दुःख त्याला ठाऊक होते म्हणून. फॉस्डिक यांच्या पुस्तकाची उणीव नेमकी येथे आहे. पीतज्वराच्या संशोधनात आफ्रिकेत प्राण वेचणारे स्टोक्स आणि नोगुची त्यांनी आदराने उभे केले आहेत. 1937 साली त्या रोगावर लस सिद्ध झाली, तिचे श्रेयही योग्य स्थळी दिले आहे. पण ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मजूर, ती बाळंतीण, तो खेडूत ह्या ग्रंथात आकड्यांत भेटतो, क्वचितच माणूस म्हणून बोलतो. देणाऱ्याचा हेतू, देणाऱ्याची निवड, देणाऱ्याची निराशा, सर्व काही आहे. घेणाऱ्याचा अभिप्राय तेवढा नाही. आणि परदेशी दानात चूक होते ती बहुधा ह्याच जागी. विश्वस्तांपुढे जे टिपण जाते ते त्यांच्याच अधिकाऱ्याने लिहिलेले असते. अधिकाऱ्याला माहिती मिळते ती पुढील हप्त्याची वाट पाहणाऱ्यांकडून. मचूळ पाण्याला मचूळ म्हणण्याचे धैर्य अशा साखळीत कोणाला व्हावे?

वाचकांस हा विषय दूरचा वाटू नये. हेच ग्रँट 1939 पासून 1945 पर्यंत कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यसंस्थेचे संचालक होते. ती संस्थाही 1932 साली रॉकफेलरांच्याच पैशाने उभी राहिली होती. भोर समितीच्या 1946 सालच्या प्रसिद्ध अहवालावर ग्रँट यांच्या विचारांची छाया आहे. आणि पुण्याचे काय? जे वर्ष ह्या पुस्तकाच्या प्रकाशनाचे, त्याच 1952 साली रॉकफेलर संस्था आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले. कीटकांमार्फत पसरणारे विषाणू हा अभ्यासविषय मुळात त्या परक्या संस्थेच्या जागतिक योजनेतला. पण 1957 साली म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसे तापाने पडू लागली, तेव्हा त्या रोगाचा विषाणू हुडकून काढला तो ह्या केंद्राने. केंद्राचा सर्व खर्च 1967 पासून भारतीय परिषदच करीत आली आहे. 2020 च्या महामारीत देशाची दृष्टी ज्या पुण्याच्या संस्थेकडे लागली होती ती हीच. तिला सुरुवातीचा पैसा कोणी दिला, हे आज पुणेकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल? आमच्या मते ह्या विस्मरणात कृतघ्नता नाही. दान मुरले, परकेपण उरले नाही, याचीच ती खूण होय.

परदेशी दानाची परीक्षा म्हणूनच दाता असेपर्यंत होत नाही. तो निघून गेल्यावर होते. आज हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने सारी संपत्ती खर्चून 2045 च्या अखेरीस काम बंद करण्याचे 2025 साली जाहीर केले. अमेरिकन सरकारची परदेशसाहाय्याची यंत्रणा तर त्याच वर्षी अवघ्या काही महिन्यांत मोडीत निघाली, आणि तिच्यावर विसंबलेले दवाखाने ठिकठिकाणी उघडे पडले. वीस वर्षे आधी सूचना देऊन निघणे आणि रात्रीतून उठून जाणे, यांत जे अंतर आहे ते रोझ यांना 1914 सालीच कळले होते. त्यांना जे पुरते कळले नव्हते ते एवढेच, की निघताना किल्ली ज्याच्या हाती द्यावयाची त्याला येतानाच ओसरीवर बोलावून विचारले पाहिजे. फॉस्डिक यांचे पुस्तक पहिली गोष्ट उत्तम शिकविते. दुसरी वाचकाने त्याच्या दोन ओळींमधून शिकावी. सार्वजनिक कार्यात पडलेल्या, पैसा देणाऱ्या अथवा घेणाऱ्या, प्रत्येक गृहस्थाने ते एकदा तरी अवश्य वाचावे, अशी आमची शिफारस आहे.