तीन चाकांची रेखीव काटकसर

अहमदपूरच्या बसस्थानकाबाहेर जे ॲटो उभे असतात, त्यांतला एखादा निवांत निरखून बघावा. स्वस्त वस्तू म्हणजे कुठेतरी हात आखडलेली वस्तू, हा समज त्याच्यापुढे टिकत नाही. त्याचा बराचसा स्वस्तपणा कागदावर ओढलेल्या पहिल्या रेघांतूनच आलेला आहे.

पुढे एकच चाक ठेवायचं ठरलं, की मोटारीचा स्टिअरिंग बॉक्स, टाय रॉड, दोन चाकं मिळून वळवणारी सगळी जोडणी बाद होते. स्कूटरसारखं हँडलच चाक वळवतं. जो भाग बनवायचाच नाही त्याला साचा लागत नाही, तपासणी लागत नाही, गोदामात जागा लागत नाही. इंजिन मागे आणि ओढही मागच्याच चाकांना, म्हणून गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब शाफ्ट नाही. दारं नाहीत म्हणजे बिजागऱ्या, कुलपं, काचा वर-खाली करणारी यंत्रणा काहीच नाही. समोरची काच सपाट.

मी सर्वांत जास्त रेंगाळतो तो चाकांपाशी. बजाजच्या जुन्या ओळखीच्या ॲटोला तिन्ही चाकं एकाच मापाची, टायर ४.००-८. पुढचं चाक सायकलसारखं दोन्हीकडून काट्यात अडकवलेलं नाही, एकाच बाजूने धरलेलं आहे. ही युक्ती १९४६ च्या व्हेस्पा स्कूटरची. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानियो मुळात विमानांचा अभियंता होता. या एका निर्णयामुळे पुढचं चाकही मागच्यासारखं बाहेरून नट सोडून निघतं, आणि एकच स्टेपनी तिन्ही जागी चालते. रिमही पत्र्याचे दोन भाग बोल्टने जोडून केलेली. पंक्चरवाला पान्याने ती उघडतो आणि ट्यूब काढतो. कारखान्यात वाचलेला पैसा असा रस्त्यावर ॲटोवाल्याच्या खिशातही वाचतो. अशी रचना मला फार सुंदर वाटते.

चालक मधोमध बसतो, हेही बघा. रस्त्याच्या डावीकडून वाहनं चालणारा आपला देश असो की उजवीकडून चालणारे इजिप्त आणि पेरू, हँडलची जागा बदलावी लागत नाही.

व्हेस्पा बनवणाऱ्या पियाज्जो कंपनीच्या मालवाहू तीनचाकीवरून प्रवासी रिक्षा भारतात आणणाऱ्या उद्योजक नवलमल फिरोदियांच्या नजरेला दाद द्यावी लागते. पुढे जानेवारी २००८ मध्ये टाटांची स्वस्त मोटार नॅनो लोकांसमोर आली. तिचंही इंजिन मागे, चाकाला तीनच नट, वायपर एक. कौशल्य मोठंच होतं, पण मोटारीचं रूप कायम ठेवून एकेक गोष्ट उणी करणं फार कष्टाचं काम. ॲटोला ते रूपच नको होतं.

दोषही दिसतात. वेगात वळताना तीन चाकांचा तोल डळमळतो, इंजिनाचा आवाज आणि धग मागे बसणाऱ्याला सोसावी लागते, वळवाच्या पावसात दोन्ही बाजूंनी झोड येते. यातलं बरंचसं त्याच पहिल्या रेघांतून आलेलं आहे, म्हणून नंतरच्या दुरुस्त्यांनी ते पुरतं जात नाही.

लातूर-नांदेडकडे पेरणीयंत्रं, कोळपी, ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपवाल्यांना माझं एक सांगणं आहे. नव्या अवजाराला वेल्डिंगचा पहिला टाका मारण्याआधी मिस्त्रीकडे खोललेला एखादा ॲटो तासभर बघून या, आणि आपल्या आराखड्यातला कोणता भाग मुळात लागतच नाही, ते तेव्हाच ठरवा.