खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे

माझे आजोबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे दिवाणजी होते. रोजकीर्दीत चूक झाली तर रबर किंवा ब्लेड वापरायला सक्त मनाई होती. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. रेघेखालचा आकडा वाचता आलाच पाहिजे, हा पेढीचा दंडक. लहानपणी मला हा गबाळेपणा वाटे. पुढे इंग्लंडात येऊन पंचवीसेक वर्षे लोकांच्या धंद्यांत हिशेबाची सॉफ्टवेअर बसवून देण्यात घालवली, तेव्हा कुठे त्या रेघेची किंमत कळली.

आज हा विषय काढण्याचे कारण असे, की मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या कपाबरोबर एक प्रश्न हमखास पुढे येतो, "आम्ही कुठले सॉफ्टवेअर घ्यावे?" कुणी नुकतीच कन्सल्टन्सी काढलेली असते, कुणी दुकान घेतलेले असते, तर कुणाच्या कंपनीत माणसे दहाची शंभर झालेली असतात. त्यातच इथल्या कर खात्याने एप्रिल २०२६ पासून, धंद्याचे व घरभाड्याचे मिळून ५०,००० पौंडांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांना डिजिटल हिशेब ठेवणे आणि दर तिमाहीला सॉफ्टवेअरमधून माहिती पाठवणे बंधनकारक केले. म्हणजे वहीत लिहून वर्षअखेरीस अकाउंटंटकडे पिशवी नेऊन टाकण्याचे दिवस संपले.

प्रचलित उत्तर धंद्याच्या आकाराप्रमाणे दिले जाते. लहानाला क्विकबुक्स किंवा सेज, मोठ्याला सॅप किंवा ओरॅकल. कपड्यांच्या दुकानात माप घ्यावे तसे. हे उत्तर मला अर्धवट वाटते.

आधी लहान मापाचे पाहू. अमेरिकेतल्या इन्ट्युइट कंपनीने १९९२ मध्ये क्विकबुक्स आणले. त्यातली कल्पना खरोखर हुशारीची होती. दुकानदाराला नावे आणि जमा शिकवत बसायचे नाही. पडद्यावर त्याच्या ओळखीचा चेक आणि ओळखीचे बिल दाखवायचे, खतावणी आतल्या आत होत राहील. आपल्याकडच्या टॅलीचे यशही याच जातीचे. १९८६ साली गोएंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या या कंपनीने सांकेतिक क्रमांकांची कटकट काढून टाकली आणि मुनीमजींना सरळ खात्याच्या नावाने लिहू दिले. सामान्य माणसाचे भय घालवणारी ही कामे आहेत आणि त्यांना कमी लेखणे बरोबर नाही.

पण या सोयीबरोबर एक खोड आली. पडद्यावरचा आकडा पुसला की कागदासारखा डाग राहत नाही. या वर्गातल्या जुन्या आवृत्त्यांत गेल्या वर्षीची नोंद उघडून बदलणे अगदी सोपे होते. सेजसारख्या अपवादात रद्द केलेली नोंद यादीत लाल अक्षरांत शिल्लक राहते. इतरत्र ही शिस्त उशिरा आली. भारत सरकारने तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नियमच घातला, की प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच वापरावे. आजोबांची रेघ अशी कायद्याच्या मार्गाने परत आली! क्विकबुक्समध्येही आता बदलांची यादी राहते आणि संपलेल्या वर्षाला कुलूप लावता येते. मात्र ते कुलूप मालकाने आठवणीने लावावे लागते.

न लावल्यास काय होते ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे हिशेब माझ्याकडे आले. नाव सांगत नाही, सॉफ्टवेअरचेही नाही. तपासणी झालेल्या वर्षाची शिल्लक १८४ पौंडांनी वेगळी दिसू लागली होती. आधीचे खजिनदार वयाने ज्येष्ठ, स्वभावाने मानी. कुणी आरोप केला नाही, पण बोलणे मात्र कमी झाले. अखेर जुन्या छापील प्रतीशी एकेक ओळ ताडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. नव्या स्वयंसेवकाने हॉलच्या भाड्याची जुनी नोंद उघडून तिच्यावरच नवी लिहिली होती. चूक निर्मळ होती. पण ती छापील प्रत कुणी फेकून दिली असती, तर एका सज्जन माणसाच्या नावावर कायमचा डाग राहिला असता.

आता मोठे माप. १९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या सॅपमध्ये एकदा पक्की झालेली नोंद पुसता येत नाही. उलटी नोंद करूनच दुरुस्त करावी लागते. मागणी, आलेला माल आणि बिल या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. हजारो माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे हा कडकपणा योग्यच आहे. पण हेच चाळीस माणसांच्या कारखान्यात नेले तर? मी पाहिलेल्या एका ठिकाणी मागणी, माल आणि बिल तिन्ही गोष्टी एकच बाई सांभाळत, म्हणून त्यांना तीन नावे आणि तीन पासवर्ड दिले होते. नियंत्रण कागदावर तिप्पट झाले आणि प्रत्यक्षात शून्य.

मोठ्यांचीही गाठ सुटतेच असे नाही. लिड्ल ही दुकानांची साखळी मालाची किंमत खरेदीदराने धरत असे, तर सॅपची मूळ घडण विक्रीदराची. सवय बदलायची नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलत बसले, आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला. आपल्या बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने एप्रिल २०२२ मध्ये सॅप सोडून ओरॅकल घेतले. आहे तसे वापरायचे ठरवून पुढे त्यात फेरफार केले आणि बँकेशी मेळ घालणेच अवघड होऊन बसले. सप्टेंबर २०२३ मध्ये पालिकेने आर्थिक असमर्थता जाहीर केली. त्याचे मोठे कारण समान वेतनाचे दावे हे होते, हे खरे. पण आपल्याकडे नेमके किती पैसे आहेत हे धड सांगता न येणारी संस्था संकटातून वाट कशी काढणार?

आणि शेवटी होरायझन. पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांत बसवलेली ही प्रणाली मापाची सगळी गणिते चुकवते, कारण यंत्र प्रचंड संस्थेचे आणि तुटीची जबाबदारी कोपऱ्यावरच्या दुकानदाराची. पडद्यावर तूट दिसली की त्याने ती पदरची भरायची. ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. त्यांत आपल्या उपखंडातून आलेली कुटुंबेही बरीच. सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये गरोदर असताना १५ महिन्यांची कैद सुनावली गेली. २०२१ मध्ये त्या निर्दोष ठरल्या. होरायझनमधील दोषांमुळे खोट्या तुटी दिसू शकत होत्या, आणि दुकानदाराच्या नकळत दुरून त्याच्या हिशेबात हात घालता येत होता, हे २०१९ च्या निकालात स्पष्ट झाले. बहुतेकांची शिक्षा रद्द व्हायला २०२४ चा कायदा यावा लागला. दुकानदाराकडे दाखवायला स्वतःची वही नव्हती. होती ती यंत्राचीच, आणि न्यायालये यंत्र बरोबर आहे असे धरून चालत होती.

म्हणून माझे म्हणणे असे, की माप नंतर पाहावे. आधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. बदललेल्या नोंदीखाली जुनी नोंद, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ मला दिसेल का? माझ्याखेरीज, विक्रेत्यासकट, कुणाला माझ्या हिशेबात लिहिता येते? आणि उद्या वर्गणी थांबवली तर माझा सगळा हिशेब वाचता येईल अशा रूपात मला परत मिळेल का? उत्तरे अडखळत आली तर सवलत कितीही मोठी असो, सही करू नये.

आणि पाडव्याला, वहीपूजन करा वा न करा, संपलेल्या वर्षाचा ताळेबंद आणि खतावणी छापून कपाटात ठेवावी. खर्च शाईचा आणि दोन-तीनशे कागदांचा. ज्यांना याहून वेगळा अनुभव असेल त्यांनी संपादकांना अवश्य कळवावे. माझे मत बदलायची तयारी आहे, फक्त जुने मत रेघेखाली वाचता येईल असे ठेवीन.