एका रात्रीचें अभयदान

‘द पर्ज’ हा जेम्स डिमोनॅको यांनीं लिहिलेला व दिग्दर्शिलेला इंग्रजी बोलपट २०१३ सालीं निघाला, आणि तो लोकांस इतका रुचला कीं २०२१ पर्यंत त्या मालेंत पांच बोलपट झाले. अमेरिकेंत वर्षांतून एक रात्र, सायंकाळीं सातपासून सकाळीं सातपर्यंत, खुनासुद्धां सारे गुन्हे माफ, ही त्याची कल्पना. घरें राखण्याचीं यंत्रें विकून गबर झालेला जेम्स सँडिन पोलादी दारें लावून सहकुटुंब आंत बसतो. मुलगा एका जखमी अनोळखी इसमास दार उघडतो, आणि मागोमाग त्याचे मारेकरी उंबरठ्याशीं येतात.

‘पर्ज’ म्हणजे रेच. ॲरिस्टॉटलच्या विरेचनाची येथें आठवण होते. पण तो रंगभूमीवरील दुःखाविषयीं बोलत होता, येथील राज्यकर्ते प्रत्यक्ष रक्तानें द्वेषाचा निचरा करूं पाहतात. हा भेद खुद्द दिग्दर्शकास कितपत उमगला आहे, अशी आम्हांस शंका येते. कारण उत्तरार्ध बहुतेक अंधाऱ्या दालनांत कोयते परजण्यांतच खर्ची पडतो.

आमच्याकडील वाचकांस शिमगा आठवेल. होळीसाठीं पोरें परसांतलीं लांकडें व गोवऱ्या पळवीत, आणि घरधनी चार शिव्या हासडून स्वस्थ बसे. त्या मोकळिकीवर गांवाची नजर असे. नशिराबादकरांस मात्र निराळेंच स्मरेल. १८०१ सालीं एका लुटारूनें तें गांव लुटलें, आणि १८०३ च्या दुष्काळाच्या तोंडावर गुलझारखानानें पुन्हां लुटलें, असें गॅझेटियर सांगतें. तेव्हां राज्य दुबळें होतें म्हणून लूट झाली. बोलपटांतील राज्य चांगलें बळकट आहे, आणि लुटीचें आवतण तेंच देतें! शिवाय उच्चपदस्थ अधिकाऱ्यांस त्या रात्रींही हात लावावयाचा नाहीं, अशी तरतूद त्यांनीं करून ठेविली आहे. या एका कलमांत जितका अर्थ आहे, तितका पुढील साऱ्या झटापटींत नाहीं.

खरी भीति वाटते ती शेजाऱ्यांची. ज्यांना यंत्रें विकून सँडिननें आपलें घर वाढविलें, तेच मदतीच्या मिषानें आंत शिरतात आणि मग त्याच्याच कुटुंबावर उठतात. हसतमुख, सुशिक्षित, नित्य परिचयाचीं माणसें हीं. मुखवटे घातलेले गुंड त्यांच्यापुढें फिके वाटतात. २०१४ च्या ‘ॲनार्की’ या दुसऱ्या भागांत कथा रस्त्यावर येते व पोलादी दार न परवडणाऱ्यांची रात्र दिसते. तो भाग आम्हांस अधिक सकस वाटला. मुलांना यांपैकीं कांहींच दाखवूं नये. प्रौढांनीं मात्र पहिला बोलपट निदान शेजारी येईपर्यंत सोसावा.