बोटावरची बाराखडी

‘वणी’ ही दोन अक्षरं मोबाइलवर ‘स्वरचक्र’ या कळफलकानं लिहून पाहावीत. व ला नुसता स्पर्श केला की व उमटतो. ण वर बोट टेकवून ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उघडतं आणि त्यात ण्, णा, णि, णी, णु अशी बाराखडी मांडलेली दिसते. बोट न उचलता णी कडे सरकवायचं आणि मग उचलायचं. सप्तशृंगी गडाजवळचं गाव लिहून झालं.

मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या आरेखन संस्थेत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कळफलक घडवला. २०१३मध्ये तो अँड्रॉइड फोनवर आला आणि पुढे कन्नड, तेलुगू, गुजरातीसारख्या भाषांतही गेला. वापरणारा आणि यंत्र यांच्यातला व्यवहार आखण्याची कला, म्हणजे इंटरॅक्शन डिझाइन, ज्याला शिकायची आहे, त्यानं हे चक्र निवांतपणे वाचावं.

पहिली खुबी क्रमाची. व्यंजनं वर्णमालेच्या ओळीत बसवली आहेत, त्यामुळे च नंतर छ शोधावा लागत नाही. दुसरी खुबी जागेची. चक्रात दीर्घ ईकाराला जी दिशा क साठी, तीच ण साठी आणि तीच ह साठी. सुरुवातीला माणूस बघून बोट सरकवतो, सरावानं न बघता. हालचाल मात्र पहिल्या दिवसापासून तीच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात कुर्टनबाख आणि बक्स्टन यांनी ‘मार्किंग मेन्यू’ या नावानं हेच तत्त्व मांडलं होतं. आपल्याकडे त्याला बाराखडी आयती मिळाली, कारण प्रत्येक व्यंजनाला त्याच काना-मात्रा त्याच क्रमानं लावायची चाल पहिलीपासून तोंडात बसलेली असते. तिसरी खुबी सवडीची. बोट उचलेपर्यंत काहीच पक्कं होत नाही. णि कडे गेलेलं बोट णी कडे वळवता येतं. आधी चूक करून मग खोडत बसायची वेळ येत नाही.

खरी मजा जोडाक्षरात आहे. दिंडोरी तालुक्यातला कुठलाही बागायतदार रोज वापरतो तो शब्द घ्या: द्राक्ष. संगणकाच्या लेखी त्यात सात चिन्हं आहेत: द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. इन्स्क्रिप्ट या टंकनपद्धतीत अशी फोड बहुधा टंकणाऱ्यालाच करावी लागते. हातानं ‘द्र’ झोकात लिहिणारा माणूसही तिथे थबकतो, कारण त्यानं ते अक्षर एकसंध आकार म्हणूनच पाहिलेलं असतं. स्वरचक्रात द वरून द् कडे सरकलं की सगळा कळफलक बदलतो आणि र च्या जागी ‘द्र’ तयार दिसतं. त्यावर बोट ठेवलं की द्रा, द्रि, द्री यांचं चक्र. नियम पाठ करायचा नाही, समोर दिसतंय ते निवडायचं. मला या कळफलकातलं हे सगळ्यात देखणं वळण वाटतं.

उणिवाही आहेत. बोटाखाली चक्राचा काही भाग झाकला जातो. मात्रांसाठी चक्रात जागा दहाच, म्हणून अनुस्वाराला बाहेरची कळ गाठावी लागते. ‘मण्यांची फुगवण’ लिहिताना ण्या पर्यंत लय जमते आणि टिंबाशी मोडते. शिवाय ‘डावणी आली’ हा द्राक्षावरच्या रोगाचा निरोप रोमन अक्षरांत धाडायची ज्याला सवय झाली, त्याला चक्र सुरुवातीला संथच वाटणार.

असं काही घडवायला शिकायचं तर सुरुवात संगणकावर करू नये. याच गटानं २००४च्या सुमारास ‘की-लेख’ नावाचा, वर्णमालेच्या रचनेवर बेतलेला टेबलावरचा कळफलक केला होता. कल्पना एका वस्तूत पारखली जाते आणि मग दुसरीत उतरते. शिकणाऱ्यानं पुठ्ठ्यावर व्यंजनं लिहावीत, कागदाची गोल चक्रं कापावीत आणि गोडी छाटणीच्या हंगामात वणीजवळच्या एखाद्या द्राक्षबागेत जावं. कोणाला तरी ‘फवारणी’ लिहायला सांगावं. त्यानं फ वर बोट ठेवलं की आपण हातानं फ चं चक्र समोर सरकवायचं. कागदी नमुना म्हणतात तो हाच. यात आपण तोंड बंद ठेवायचं, हे पथ्य सर्वांत अवघड. समजावून सांगितलं की नमुना उत्तम ठरतो आणि आपण काहीच शिकत नाही. बोट कुठे घुटमळलं, कोणत्या दिशेनं आधी गेलं, एवढंच टिपावं. चक्र लहान पडलं तर दुसरं कापायला दोन मिनिटं लागतात. तयार ॲपमध्ये तोच बदल करायला आठवडे जातात आणि जीवही तुटतो.

स्वरचक्राची थोरवी मी त्याच्या तंत्रात मानत नाही. फोन हाती आला त्याच्या कितीतरी आधीपासून माणसाला काय येतं, हे त्याच्या कर्त्यांनी नीट पाहिलं. चांगल्या आरेखनात नवं शिकवण्याचा भार कमी असतो आणि जुन्या सवयीचा मान जास्त. ती सवय ओळखणं हे निम्मं काम, आणि ते बागेत किंवा बाजारात उभं राहूनच होतं.