पोलारिसची कथा आणि ‘पर्ट’चे शास्त्र

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत ‘पर्ट’ ह्या तंत्राची ओळख करून देताना एक कथा हटकून सांगितली जाते. अमेरिकन आरमाराच्या विशेष प्रकल्प कार्यालयाने १९५८ साली पोलारिस क्षेपणास्त्रासाठी हे तंत्र सिद्ध केले, प्रचंड कामाचे जाळे कागदावर आखले, आणि प्रकल्प मूळ मुदतीच्या कितीतरी आधी तडीस गेला, अशी ती कथा. हार्व्ही सापोल्स्की ह्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या पोलारिसविषयक ग्रंथात ह्या कथेचा पायाच तपासून पाहिला. ग्रंथ आता जुना झाला. कथा मात्र वर्गावर्गांतून पूर्वीसारखीच सांगितली जाते.

सापोल्स्की ह्यांचा निष्कर्ष जहाल आहे. कार्यालयातील तांत्रिक शाखांचे अधिकारी ‘पर्ट’च्या आकड्यांवर फारसे विसंबत नव्हते, ते आपल्या परिचित पद्धतींनीच काम पुढे नेत होते. रंगीत तक्ते, गणकयंत्रे आणि आठवड्याच्या बैठका ह्यांचा खरा उपयोग निराळाच झाला. येथील कारभार अत्यंत शास्त्रशुद्ध आहे अशी वरिष्ठांची व लोकप्रतिनिधींची खात्री पटली, आणि बाहेरची ढवळाढवळ टळली. तांत्रिक परिणामाच्या दृष्टीने ‘पर्ट’ची किंमत पावसासाठी केलेल्या नृत्याहून अधिक नव्हती, असे सुचविण्यापर्यंत ग्रंथकर्त्याची मजल गेली आहे.

घटनाक्रम पाहिला तर ह्या निष्कर्षाला बळकटी येते. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेला आणि पोलारिसची मुदत एकदम अलीकडे ओढण्यात आली. ती गाठता आली ती मुख्यतः दोन निर्णयांमुळे. पहिल्या क्षेपणास्त्राचा पल्ला १५०० ऐवजी सुमारे १२०० सागरी मैल चालेल असे ठरले. दुसरे असे की, नवी पाणबुडी मुळापासून न बांधता, बांधणी चालू असलेली एक हल्लेखोर पाणबुडी मधोमध कापून तीत सुमारे १३० फुटांचा क्षेपणास्त्रकक्ष बसविण्यात आला. तीच पुढे ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ झाली आणि २० जुलै १९६० रोजी तिने पाण्याखालून पोलारिस डागले. हे निर्णय १९५७ सालच्या अखेरीस आकाराला आले. ‘पर्ट’ची आखणी त्यानंतरची. काय सोडून दिले तरी चालेल, हे कोणत्याही जाळ्यावरून कळत नाही. जाळे काढावयाचे तर काय करावयाचे हे आधी ठरलेले असावे लागते. ते ज्यांनी ठरविले त्यांच्यापाशी जहाजबांधणीची आणि क्षेपणास्त्रांची मुरलेली जाणकारी होती.

तथापि एवढ्यावरून शास्त्र व्यर्थ आणि अनुभव श्रेष्ठ असा निवाडा देणे घाईचे होईल. सापोल्स्की ह्यांचा आक्षेप तंत्राच्या वापरावर आहे. त्याने तंत्राचे परीक्षण होत नाही. ते करावयाचे तर सूत्राकडेच वळले पाहिजे. प्रत्येक कार्यासाठी तीन अंदाज घ्यावेत: सर्व सुरळीत झाल्यास लागणारा काळ, बहुधा लागणारा काळ आणि सर्व बिघडल्यास लागणारा काळ. मधल्याची चौपट करून तीत उरलेले दोन मिळवावेत व बेरजेला सहाने भागावे. २, ५ आणि १४ आठवडे हे अंदाज असतील तर उत्तर ६ येते. ही गणिताची करामत अगदी साधी आहे. विचार करण्याजोगा आहे तो तिच्यामागचा हेतू. अभियंत्याकडे एकच तारीख मागितली की ती त्याचे वचन ठरते, आणि वचन देणारा मनुष्य स्वतःला सांभाळून बोलतो. तीन आकडे मागितले की त्याला आपले अज्ञानही मोकळेपणाने सांगता येते. म्हणजे येथे शास्त्र अनुभवाला बाजूस सारीत नाही, त्याला नेमका प्रश्न विचारते. प्रतिकूल आकडा सांगणाऱ्याला वरून जाब विचारला जाऊ लागला की तिन्ही आकडे जवळजवळ सरकतात आणि सूत्र पोकळ होते.

सूत्राचा खरा दोष अन्यत्र आहे. मॅकक्रिमन व रायव्हेक ह्यांनी १९६४ सालीच तो दाखविला होता. ‘पर्ट’ केवळ सर्वांत लांब मार्ग मोजते. दोन स्वतंत्र कामे संपल्याखेरीज तिसरे सुरू होत नसेल आणि त्या प्रत्येकाची वेळेत संपण्याची शक्यता निम्मी असेल, तर दोन्ही वेळेत संपण्याची शक्यता चौथा हिस्साच उरते. सूत्राने काढलेली अखेरची तारीख म्हणूनच आशावादी निघते. बांधकामावरील मुकादमाला हे गणित ठाऊक नसेल. पण जेथे दोन टोळ्यांची वाट पाहावी लागते तेथे काम रखडते, हे तो धरूनच चालतो. मात्र किती रखडेल हे त्याला सांगता येत नाही, आणि ते सांगणे पुन्हा गणिताचेच काम आहे. सापोल्स्की ह्यांच्या मांडणीत ह्या बाजूला पुरेसा न्याय मिळालेला नाही.

ड्यू पाँ कंपनीत त्याच सुमारास निघालेल्या क्रांतिक-मार्ग पद्धतीशी तुलना केल्यास मुद्दा अधिक उघड होतो. तेथे प्रत्येक कार्याला एकच कालावधी दिला जाई, कारण रासायनिक कारखान्यांची बांधणी व दुरुस्ती ही सरावाची कामे होती. तीन अंदाजांची गरज पोलारिसला भासली ती तेथे कोणालाच पूर्वानुभव नव्हता म्हणून. आणि जेथे पूर्वानुभव नाही तेथे मधला अंदाज तरी कशाच्या आधारे करावयाचा, ही अडचण ‘पर्ट’च्या प्रवर्तकांनी सोडविली असे म्हणता येत नाही.

आपल्याकडील पदव्युत्तर वर्गांत ह्या अडचणीची चर्चा क्वचितच होते. प्रश्नपत्रिकेत तिन्ही अंदाज छापूनच येतात. ते कोणी दिले, कोणाच्या दडपणाखाली दिले आणि तसले काम त्याने पूर्वी कधी केले होते काय, हे विद्यार्थ्याला विचारले जात नाही. त्याने सहाने भागावयाचे असते.